लाल शाईतल्या नऊ रेषा

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

सहा वर्षं झाली या कॉलेजात, आणि माझ्या नेमणुकीच्या पत्रावर अजून 'अतिथी व्याख्याता' असंच छापून येतं. सहा वर्षं पाहुणी! स्टाफरूममध्ये स्वतःची खुर्ची नाही, कपाटाची किल्ली नाही, फक्त प्रॅक्टिकलच्या जर्नल्स तपासायच्या वेळी सगळ्यांना गजभिये मॅडम आठवतात. ३१ मार्चला पत्राची मुदत संपते. यंदा कायम भरती होणार म्हणतात, म्हणजे कुणाचा तरी जावई येणार आणि मी घरी बसणार.

आज मात्र बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेचा फोन आला. वैज्ञानिक सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं हवी आहेत. पहिली फेरी फोनवरच झाली. पलीकडच्या बाईंनी शेवटी विचारलं, "तुमचं काम कोण तपासतं?" मी म्हटलं, "आजवर तशी गरज पडली नाही." बाई मग म्हणाल्या, वीस फेब्रुवारीला दुसरी फेरी. तोवर जगभर वापरल्या जाणाऱ्या एखाद्या खुल्या सॉफ्टवेअर लायब्ररीत, म्हणजे कुणीही वापरावा अशा तयार कोडच्या संग्रहात, तुमचं काम घेतलं गेल्याचं दाखवा. तेवढं असलं की बाकी अडचण नाही.

दाखवते की. एककं बदलून देणारी जी लायब्ररी अर्धं जग वापरतं, तिला मीटरचे फूट करता येतात, कॅलरीचे ज्यूल करता येतात, पण स्पेक्ट्रोस्कोपीचं नाव काढलं की ती हात वर करते. नॅनोमीटर द्या आणि वेव्हनंबर मागा, लगेच एरर. एवढे विद्वान जमलेत तिथे, कुणाला सुचलं नाही. पंधरा दिवसांचं काम आहे.

शनिवार, ११ जानेवारी

आई मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. विचारते, "दिवसभर लॅपटॉपवर काय करून राहिली तू?"

सांगितलं. प्रकाशाच्या लाटा असतात. कुणी एका लाटेची लांबी सांगतं, कुणी एका सेंटिमीटरात किती लाटा मावतात ते सांगतं. त्याला वेव्हनंबर म्हणायचं. एकावरून दुसरं काढून देणारा कोड लिहितेय.

"मंग भागाकार करा ना," आई म्हणाली. "त्याले कॉम्प्युटर कायले पायजे?"

आमच्या एचओडींना एवढंही सुचलं नसतं. भागाकारच आहे. पण तो लोकांना जमत नाही, हे मी रोज पाहते. आमचा अभिनव घ्या. पुरानी बस्तीत राहतो, माझ्यासारखाच अतिथी, सदा हसतमुख. काल त्याने वर्णपटातल्या एका रेषेची रुंदी दहा वेव्हनंबर धरली आणि सरळ भागाकार करून नॅनोमीटर काढले. उत्तर आलं दहा लाख. म्हणजे रेषा एक मिलीमीटर रुंद! अरे, रुंदी म्हणजे दोन टोकांमधला फरक. आधी दोन्ही टोकं वेगवेगळी बदलायची, मग वजाबाकी करायची. मी भर स्टाफरूममध्ये विचारलं, "अभिनव, पट्टीने मोजतोस का रेषा?" सगळे खो खो हसले. तोही हसला आणि म्हणाला, "अरे हो की दीदी, ध्यानातच नाही राहिलं." अशा माणसांचं काय करायचं?

रुंदीबद्दल ठळक इशारा डॉक्युमेंटेशनच्या पहिल्याच पानावर टाकला आहे. लोक पहिलं पान वाचत नाहीत आणि मग रडत येतात.

सोमवार, १३ जानेवारी

आज छेरछेरा, इकडच्या हिंदी मुलखात पौष पुनवेला पोरं दारोदार धान मागतात तो सण. सकाळपासून शंकर नगरातली सगळी पोरं पिशव्या घेऊन दारात. आईने सुपभर तांदूळ वाटले, बाबा एकेकाला कितवीत आहेस ते विचारत होते. या गोंगाटात मी कोड पाठवला.

दुपारपर्यंत उत्तर आलं. लायब्ररी सांभाळणाऱ्यांपैकी सुशील नावाचा कुणी आहे, फोटोत माणसाऐवजी सायकल. अतिशय गोड इंग्रजी. काम छान आहे, पण चाचणीसाठी प्रत्यक्ष वापरातल्या रेषांची एखादी यादी जोडाल का? पुस्तकातून उचललेली नको, हक्कांची भानगड होते. एखाद्या प्रयोगशाळेची स्वतःची असेल तर उत्तम.

सूत्र बरोबर असताना यादी कशाला? पण यांना समाधान हवं. आता कॉलेजात कसली स्वतःची यादी? तिथे सोडियमचा दिवा लावायचा तर दोनदा अर्ज करावा लागतो. जेवताना बडबडले तर बाबा म्हणाले, "माझं रजिस्टर हाय ना."

बाबा म्हणजे गुलाबराव गजभिये. प्लांटच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं. भट्टीतून पोलादाचा नमुना आला की त्यावर ठिणगी पाडायची, तिचा प्रकाश यंत्रात घ्यायचा, रेषा पाहून सांगायचं कार्बन किती, मँगनीज किती. बटण दाबायचं काम. पण रोज पहाटे पाच वाजता असे घरातून निघत, जणू सूर्य त्यांना विचारून उगवणार आहे.

बुधवार, १५ जानेवारी

रजिस्टर पाहिलं. हिरव्या रेक्झिनचं, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेलं, आत कडुनिंबाचा पाला. चाळीस रेषा, प्रत्येक रेषेला एक ओळ: मूलद्रव्य, लाटेची लांबी अँगस्ट्रॉममध्ये (नॅनोमीटरचा दहावा भाग), शेरा. अक्षर मोत्यासारखं, ते मान्य. दर पानाखाली दोन सह्या. डावीकडे 'केले', उजवीकडे 'तपासले'. जणू शेताची खरेदी चालली आहे. हाताला येईल ते पेन घेतलेलं दिसतं, सुरुवातीच्या काही ओळी लाल, पुढच्या निळ्या.

पहिली दोन पानं नुसत्या सूचनांनी भरलेली. सरकारी माणूस, सूचना लिहिल्याशिवाय हात चालत नाही. मी सरळ तिसऱ्या पानापासून आकडे टाइप करायला घेतले.

बाबा मागे येऊन उभे. "पहिल्या पानापासून सुरू करजो."

"हो."

"शाई पाहून घेजो, बाई."

"बाबा, कॉम्प्युटरला शाई नसते."

"ते बरोबर हाय, पण म्या काय सांगून राहिलो..."

"बाबा, प्लीज. आकडे टाइप करताना बोललं की चुकतं माझं."

गेले. तासाभरात चाळीस ओळी टाइप झाल्या.

रविवार, १९ जानेवारी

वाट लागली. माझ्या कोडने या चाळीस रेषांचे वेव्हनंबर काढले आणि आंतरराष्ट्रीय तक्त्याशी ताडून पाहिले. नऊ जुळतात. एकतीस जुळत नाहीत. सगळ्या एकाच दिशेला सरकलेल्या, दर दहा हजारांत जवळपास तीनने जास्त.

माझा कोड चार ओळींचा आहे. त्यात चुकायला जागाच नाही. म्हणजे चूक रजिस्टरची. आणि सगळ्या एकाच बाजूला चुकतात याचा अर्थ उघड आहे: यंत्र सरकलेलं होतं आणि ते ठीक करायची तसदी कुणी घेतली नाही. नऊ जुळल्या त्या नशिबाने. पहाटे पाचला जाऊन करत काय होते कोण जाणे, चहाच पीत असतील.

मंगळवार, २१ जानेवारी

सुशील सायकलवाले विचारतात: "त्या नऊच का जुळतात? कुतूहल म्हणून विचारतो." कुतूहल म्हणून! माझे दिवस चाललेत आणि याला कुतूहल. फेब्रुवारीची आवृत्ती पाच तारखेला निघते, तीत मी नसले तर वीस तारखेला दाखवू काय?

मी तिथेच, सगळ्यांना दिसेल असं उत्तर लिहिलं. ही यादी एका कारखान्यातल्या अप्रशिक्षित कर्मचाऱ्याने केलेली आहे, यंत्राचं कॅलिब्रेशन नियमित होत नसावं, आकड्यांवर विसंबू नये. स्वच्छ, मुद्देसूद. कुणाचं नाव घेतलं नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

आमचे बंधुराज संघर्ष यांना फोनवर लायब्ररीच्या साइटवरचं माझं पान सापडलं. बँकेतून आला तो ओरडतच. "बाबा, देखो, दीदी का नाम आया है! आपके रजिस्टर की भी बात है इसमें!" याला मराठी कळतं सगळं, बोलताना मात्र हिंदी, आणि इंग्रजी वाचतो ते शीर्षकापुरतं. फोन बाबांच्या हातात दिला.

बाबांनी चष्मा पुसला. वाचलं. फोन थोडा लांब धरून पुन्हा वाचलं.

"हे साऱ्या दुनियेले दिसते का?"

"हाँ, पूरी दुनिया को," संघर्ष म्हणाला.

"बरं," बाबा म्हणाले आणि फोन परत दिला.

मला वाटलं आता व्याख्यान होणार. पण जेवणं झाल्यावर एवढंच म्हणाले, "रजिस्टर झालं असन तं दे. ठिवून देतो." दिलं. दोन्ही पिशव्यांत घालून, गाठ मारून कपाटात ठेवलं. मोठ्या माणसांनाही उगाच रुसायला आवडतं. नाव घेतलं नव्हतं मी.

शनिवार, २५ जानेवारी

बाबा दोन दिवस फिरायला गेले नाहीत. थंडी असेल. माझ्याकडून पाठकोरे कागद मागून घेतले आणि खिडकीपाशी बसून सारखं काही खरडत असतात. शब्दकोडी बहुतेक. रिटायर माणसाचं बरं असतं, वेळच वेळ.

सोमवार, २७ जानेवारी

घेतलं! माझं काम लायब्ररीत घेतलं!

सुशीलने तोडगा सुचवला: यादीचा प्रश्न सुटत नसेल तर तूर्त ती काढून टाकू, सूत्रांच्या साध्या चाचण्या ठेवू. मी मिनिटभरात यादी पुसली. त्याने होकाराची खूण केली. पाच तारखेच्या आवृत्तीत माझं नाव असेल. वीस तारखेला बंगळुरूच्या बाईंना दाखवीन आणि ३१ मार्चला या कॉलेजाला नमस्कार.

ब्राह्मणपाऱ्यातून जिलेबी आणली. संघर्षने सहा खाल्ल्या. बाबांनी अर्धी घेतली, शुगरचं कारण सांगितलं. "घेतलं त्याइनं? सगळं?" त्यांनी विचारलं.

"तुमची यादी सोडून सगळं," मी म्हटलं.

"हव," म्हणाले आणि उरलेली अर्धी बशीत ठेवून हात धुवायला गेले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आवृत्ती निघाली. जगात आजपासून कुणीही नॅनोमीटर देऊन वेव्हनंबर मागितला तर उत्तर माझं.

सोडियमच्या प्रॅक्टिकलला एमएस्सीच्या वर्गाला मोठ्या ऐटीत सांगितलं, आज हातांनी भागाकार करायचा नाही. पिवळी रेषा, पुस्तकात ५८८.९९५ नॅनोमीटर. लायब्ररीने सांगितलं १६९७८.०७. मुलांनी उतरवून घेतलं. अभिनव मदतीला होता. तो तक्ता उघडून बराच वेळ मान खाली घालून उभा राहिला. मग माझ्याजवळ आला आणि हळूच, मुलांना ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "दीदी, तक्त्यात १६९७३.३७ आहे. चार पॉइंट सातचा फरक येऊन राहिला. माझंच काही चुकत असेल."

"तुझंच," मी म्हटलं. स्टाफरूमच्या दिशेने पट्टी आणायला पाठवणार होते, तेवढ्यात सहज भागून पाहिलं. सतरा हजारांत चार पॉइंट सात. म्हणजे दहा हजारांत जवळपास तीन.

हा आकडा मी आधी पाहिलेला होता. एकतीस वेळा.

प्रॅक्टिकल कसं संपवलं आठवत नाही. अभिनवच मुलांना म्हणाला, "उत्तर पेन्सिलनी लिहा रे, मॅडम उद्या सांगतील."

त्याच दिवशी, घरी

बाबा विहारात गेले होते. मी कपाटातून रजिस्टर काढलं आणि गाठी सोडल्या. पहिलं पान. जसं आहे तसं उतरवते:

'सूचना. हे रजिस्टर हाती घेणाऱ्याने आधी हे पान वाचावे. २००० अँगस्ट्रॉमच्या खालच्या रेषा लाल शाईत आहेत. त्यांचे आकडे व्हॅक्यूममधले आहेत. २००० च्या वरच्या रेषा निळ्या शाईत. त्यांचे आकडे हवेतले आहेत. छापील तक्त्यांत असेच असते, परंतु ते एका कोपऱ्यात बारीक लिहिलेले असते. दोन्ही मिसळू नयेत. मिसळल्यास दहा हजारांत सुमारे तीनचा फरक पडेल व तो यंत्राचा दोष वाटेल. तो यंत्राचा दोष नाही.'

दुसऱ्या पानावर हवेतला आकडा व्हॅक्यूममध्ये कसा न्यायचा त्याचं कोष्टक, शंभर शंभर अँगस्ट्रॉमच्या टप्प्याने. खाली केले, गु. ना. गजभिये. तपासले, रामकृष्ण ठवरे. तीन मार्च १९८६. माझा जन्मही झाला नव्हता.

लाल ओळी मोजल्या. कार्बन, फॉस्फरस, गंधक वगैरे मिळून नऊ.

शाळेच्या पोराला सांगता येईल इतकी सोपी गोष्ट आहे. हवेत प्रकाश जरासा मंद चालतो, म्हणून लाट जराशी आखूड होते. वेव्हनंबर मात्र व्हॅक्यूमचाच धरतात. मी पीएचडी केली इन्फ्रारेडमध्ये. आमचं यंत्र वेव्हनंबर तयार करूनच हातात देतं, त्यामुळे हवेची आठवण ठेवायची वेळच आली नाही. अभिनवने मिलीमीटरची रेषा काढली तेव्हा ती निदान घरातल्या घरात होती. मी माझी चूक जगभर वाटली, आणि आधी डॉक्युमेंटेशनवर प्रवचनही दिलं. शाबास, डॉक्टर गजभिये.

रजिस्टरखाली पाठकोऱ्या कागदांची चळत होती. शब्दकोडी नव्हती ती. चाळीसच्या चाळीस रेषांचं गणित होतं, हाताने केलेलं, दशांशाच्या पाचव्या घरापर्यंत. तेच गणित चार वेळा. चारही वेळा उत्तर बरोबर.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सकाळी बाबांसमोर रजिस्टर उघडं ठेवलं. नेहमीसारखी चिडलेच. "काहून नाही सांगितलं मला?"

"पहिल्या पानापासून सुरू कर म्हटलं होतं ना."

"नंतर? मी ते लिहिलं तेव्हा?"

बाबांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. "मले वाटलं, तू शिकेल आहे, पीएचडी आहे. तू म्हणते चुकलं तं चुकलंच असन. म्हणून घेतलं कागद. चार दिवस पाहून राहिलो, एकतीस वर्षं म्या काय चुकी केली म्हणून."

"सापडली?"

"नाही सापडली. तरी वाटे, असन कुठी." मग रजिस्टरच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "आणि अप्रशिक्षित नोतो मी, बाई. सहा महिन्यांचं ट्रेनिंग झालं होतं आमचं. सर्टिफिकेट हाय."

आई चहा घेऊन आली आणि दाराशीच थांबली. मला रडू आलं. या डायरीत मी असलं काही लिहीत नाही, पण आलं आणि खूप आलं. आपल्या बापाला स्वतःच्या आयुष्याचा हिशेब चार वेळा तपासायला लावला मी, आणि तेव्हा जिलेबी आणत होते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दोन दिवस स्वतःशी भांडले. कोड तसं पाहिलं तर खोटा नाही. व्हॅक्यूममधली लांबी दिली तर उत्तर अचूक येतं. एक ओळ कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरांत टाकून दिली, की चालून जाईल. वीस तारखेपर्यंत कोण पाहतंय? सगळे तक्ते असंच करतात. बाबांनी १९८६ मध्ये लिहून ठेवलंय ते, कोपऱ्यात बारीक.

आज स्वतःच्याच कामाविरुद्ध तक्रार नोंदवली. हा कोड हवा आणि व्हॅक्यूम वेगळे मागत नाही, त्यामुळे दृश्य प्रकाशाच्या पुस्तकी आकड्यांना चुकीचं उत्तर देतो. आणि खाली लिहिलं: याआधी मी एका कर्मचाऱ्याला अप्रशिक्षित म्हटलं होतं. ते खोटं आहे. ते प्रशिक्षित होते, त्यांची यादी बरोबर होती, ती कशी वाचायची ते त्यांनी पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं आणि मी ते पान न वाचताच उलटलं होतं. त्यांचं नाव गुलाबराव गजभिये.

सुशीलने त्याच दुपारी माझं काम मागे घेतलं. दुरुस्ती करून पाठवा, एप्रिलच्या आवृत्तीत पाहू. गोड इंग्रजीत आभारही मानले. एप्रिल! मला वीस फेब्रुवारी हवी होती.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मुलाखत झाली. स्क्रीनवर तीन चौकोनांत तीन माणसं. दाखवायला एक मागे घेतलेलं काम आणि त्याच्याविरुद्ध माझीच तक्रार. एका गृहस्थांनी ती तक्रार मोठ्याने वाचली आणि भुवया वर केल्या. त्यांच्या भुवयांना एवढी मेहनत करायचं कारण नव्हतं, इंग्रजी सोपं होतं.

फोनवरच्या बाईही होत्या. त्यांनी पुन्हा विचारलं, "तुमचं काम कोण तपासतं?"

"घरी एक सीनियर टेक्निशियन आहेत," मी म्हटलं.

बाई हसल्या. बाकीच्यांना वाटलं मी विनोद केला.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

कळवलं. ज्याचं काम अधिक तयार आहे अशा उमेदवाराची निवड झाली, तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक आहे. कौतुक फाइलला लावून ठेवते, ३१ मार्चनंतर उपयोगी पडेल. अभिनवला सांगितलं तर त्याचं तोंड पडलं. "माझ्यामुळे झालं दीदी, मी तक्ता पाहायला नको होता." मी म्हटलं, तू पाहिलास ते फार बरं केलंस. आणि त्या पट्टीच्या गोष्टीबद्दल माफ कर, तेही स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हटलं. एचओडींनी चष्म्यावरून पाहिलं. पाहू देत.

रविवार, २ मार्च

दुरुस्त कोड झाला. आता लांबी देताना हवेतली की व्हॅक्यूममधली ते सांगावंच लागतं, नाहीतर लायब्ररी उत्तर देत नाही. चाचणीला बाबांची चाळीस रेषांची यादी, शाईचा रकाना धरून. चाळीसही जुळल्या. पाठवायच्या आधी यादी छापली आणि बाबांपुढे ठेवली.

त्यांनी चष्मा लावला, रजिस्टर उघडलं, पट्टी घेतली आणि एकेका ओळीखाली धरत सुरुवात केली. पहिल्या पानापासून. आईने ताटं वाढली, संघर्ष दोनदा "बाबा, खाना ठंडा हो रहा है" म्हणून गेला. बाबा हललेही नाहीत. मी मनात म्हणत होते, सगळ्या चाचण्या पास झाल्यात, कॉम्प्युटरने तपासलंय, आता माणसाने आणखी काय पाहायचं?

सव्विसाव्या ओळीवर पट्टी थांबली.

"इथं पाह्य. म्या ६२ लिवलं, तू २६ लिवलं."

दशांशानंतरचे आकडे. फरक इतका बारीक की माझी चाचणी त्याला बरोबर म्हणत होती. मी म्हटलं, चालतं बाबा, मर्यादेच्या आत आहे.

"चालते कसं? मी सही करतो ना त्याच्यावर."

मी दुरुस्त करून पुन्हा छापलं. त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून पट्टी धरली, आणि आम्ही तिघं जेवायला थांबलो. चाळिसावी ओळ संपल्यावर कागदाच्या तळाशी डावीकडे 'केले' आणि उजवीकडे 'तपासले' असं लिहिलं, आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी डावीकडे सही केली. मग त्यांनी उजवीकडे, पूर्ण नाव लिहून, तारीख घालून.